गुपित षट्कर्णी कसं होतं: कटाचा दावा तपासायची रीत

‘हे सगळं आधीच ठरलेलं होतं’ असा मेसेज आला की तो पुढे ढकलण्याआधी कागद-पेन घ्या आणि डोकी मोजा. ज्यांच्यावाचून ते काम झालंच नसतं अशी माणसं लिहून काढा: पैसे पुरवणारा, जागा मिळवणारा, सामान वाहणारा, सही करणारा. आकडा आला की त्याला त्याहून एकने कमी आकड्याने गुणा आणि २ने भागा. ५ जणांत १० जोड्या होतात, १३ जणांत ७८. गोष्ट फुटायच्या तेवढ्या वाटा. षट्कर्णी व्हायला तर तिसरा माणूसही पुरतो.

लंडनच्या १६०५ च्या बंदुकीच्या दारूच्या कटावर हे ताडून बघा. मे १६०४ मध्ये कटाचा म्होरक्या रॉबर्ट केट्सबी धरून ५ जण होते. राजा पहिला जेम्स पार्लमेंटच्या उद्घाटनाला आला की खालून बार उडवायचा, असा बेत. हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या खालची कोठी भाड्याने घेतली आणि ३६ पिंपं दारू सरपण-कोळशाखाली दडवली.

आता तारखा मांडा. प्लेगमुळे उद्घाटन फेब्रुवारी १६०५ वरून ऑक्टोबरवर गेलं, मग ५ नोव्हेंबरवर. दिवस लांबले तसा खर्च वाढला, केट्सबीचा हात आखडला, म्हणून पैसेवाले आत घेतले. डोकी झाली १३. कट इथेच कच्चा झाला असं आम्हाला वाटतं; पिंपं जिथल्या तिथे होती, ओझं झालं ते माणसांचं.

नंतर प्रत्येक नावापुढे नातलग लिहा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. शेवटी आलेल्या फ्रान्सिस ट्रेशमचा मेहुणा लॉर्ड मॉन्टीगल त्या दिवशी त्याच सभागृहात बसणार होता. २६ ऑक्टोबरला मॉन्टीगलला निनावी पत्र आलं: पार्लमेंटला येऊ नका. त्याने ते सरकारात दिलं. संशय ट्रेशमवर गेला, सिद्ध काही झालं नाही. पत्राची खबर कटवाल्यांनाही लागली होती, तरी ते मागे हटले नाहीत. ४ नोव्हेंबरच्या रात्री झडती झाली आणि कटवाल्यांपैकी गाय फॉक्स हा दारूपाशी सापडला. पळालेल्यांनी भिजलेली दारू विस्तवापुढे वाळत घातली, ठिणगी पडली आणि त्यांतले काही भाजले.

१३ जणांची ही गत. चांद्रमोहीम खोटी म्हणणाऱ्यांना अपोलोवर राबलेल्या सुमारे ४ लाख लोकांची तोंडं कायमची बंद ठेवावी लागतात.

एका जागी मात्र हा हिशेब फसतो. अमेरिकेत टस्कीगीला सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस हा गुप्तरोग झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना १९३२ ते १९७२ उपचारावाचून ठेवलं. त्यावरचं औषध पेनिसिलिन मिळू लागल्यावरही दिलं नाही. याचे अहवाल वैद्यकीय नियतकालिकांत उघड छापून येत होते. फसवणूक झाली ती रुग्णांची. म्हणून कागदावर एक रकाना जास्त आखा: हे खरंच लपवलं होतं, की छापलेलं असूनही कोणी जाब विचारला नाही? दुसरं असेल तर डोकी मोजणं सोडा आणि त्या काळचे छापील अहवाल धुंडाळा.