खाताना कुत्रा अंगावर येतो? या चुका टाळा

कालपर्यंत मांडीवर डोकं ठेवून झोपणारा कुत्रा आज भांड्याजवळ कुणी फिरकलं तरी दात विचकतो. घरात लगेच निकाल लागतो, ‘फार डोक्यावर चढलाय, इंगा दाखवायला हवा.’ घोटाळा इथूनच सुरू होतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गुरगुरल्यावर ओरडणं किंवा फटका देणं. गुरगुरणं ही सूचना आहे, आणि तीही उशिराची. त्याआधी तो खाता खाता थिजतो, मान भांड्यावर आणखी खाली घालतो, घास भराभर गिळतो. डोकं न हलवता तिरक्या नजरेनं बघतो, तेव्हा डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो. आपलं लक्ष नसतं, म्हणून तो गुरगुरतो. मारलं की आवाज बंद होतो, धास्ती तशीच राहते. मग एक दिवस ‘काही न सांगता चावला’ म्हणायची वेळ येते. त्यानं हवेत जबडा वाजवला, तर त्याचा नेम चुकला असं समजू नका. चावायचंच असतं तर तुमचा हात मागे जाण्याआधी चावला असता.

दुसरी चूक ‘सवय लागावी’ म्हणून केली जाते: खाताना भांडं उचलायचं, त्यात हात घालायचा. यातून तो शिकतो एवढंच, की माणसाचा हात आला की जेवण जातं. ‘कळपाचा म्होरक्या मीच’ हे दाखवण्याचा सोसही यामागे असतो. म्होरक्याची ही कल्पना प्राणी-अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली मांडलेल्या, बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांतून आली. ती पुढे लोकप्रिय करणाऱ्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. पण लोकांच्या तोंडून म्होरक्या काही जात नाही.

त्याला शिकवायचं ते नेमकं उलट: माणूस आला की चांगलंचुंगलं मिळतं. तो जिथून तुम्हाला बघूनही निवांत खात राहतो, तेवढ्या लांबून जाता जाता उकडलेल्या चिकनचा तुकडा भांड्याकडे टाका आणि पुढे निघून जा. थांबू नका, वाकू नका. तुमची चाहूल लागताच तो सैल अंगानं, शेपूट हलवत वर बघायला लागला की पाऊलभर जवळ या. तो थिजला तर मागे व्हा. याला आठवडे लागतात. घाई करणं ही तिसरी चूक.

पळवलेल्या मोज्यासाठी मागे धावू नका, त्याबदल्यात खाऊ द्या. घरात दोन कुत्री असतील तर वेगळ्या खोल्यांत जेवू घाला.

हे वागणं अचानक सुरू झालं असेल तर आधी पशुवैद्याकडे न्या. दात किंवा कान दुखत असेल, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी भूक वाढली असेल, तर नुसत्या शिकवण्यानं भागणार नाही.

मुलांच्या बाबतीत मात्र प्रयोग नकोच. ‘त्याच्याजवळ जाऊ नकोस’ एवढं सांगून लहान मूल ऐकत नाही. कुत्रा जेवेपर्यंत मध्ये बंद दार हवं, आणि भांडं उचलायचं ते तो खोलीबाहेर गेल्यावर. एकदा जरी दात लागून रक्त आलं असेल, तर वरचा सराव एकट्यानं करू नका, वर्तनतज्ज्ञ गाठा. जखम आधी साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कुत्रा घरचा असला तरी.