बटण दाबायच्या आधी चारी कोपरे

पहिला कॅमेरा घेतला तेव्हा रोज संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावर जायचो. ढीगभर फोटो काढले, आणि प्रत्येकात पाण्याची रेघ बरोब्बर मधोमध. निम्मं आभाळ, निम्मं तळं. ज्या काकांच्या हाताखाली मी लग्नाचे फोटो काढायला शिकत होतो, त्यांनी ते बघितले आणि कॅमेऱ्यातल्या ग्रीडच्या रेघा चालू करून दिल्या. दोन उभ्या, दोन आडव्या, म्हणजे फोटोचे उभे-आडवे तीन-तीन सारखे भाग. म्हणाले, "आभाळात रंग हाय तर आभाळाला दोन भाग दे. पाण्यात हाय तर पाण्याला." तृतीयांशाचा नियम मला असा कळला. मोबाइलमध्येही या रेघा असतात, आजच चालू करा.

पण खरा धडा मिळाला तालमीत. पहाटेची वेळ, झरोक्यातून तिरका उजेड, पैलवानाच्या खांद्याला चिकटलेली लाल माती. मी खूश होऊन घरी आलो. मोठ्या स्क्रीनवर बघतो तर मागचा खांब थेट पैलवानाच्या डोक्यातून वर गेलेला, एका कोपऱ्यात निम्मी बादली, दुसऱ्यात खुंटीवर वाळत घातलेले लंगोट. मी बघत होतो पैलवानाकडं. कॅमेऱ्यानं खुंटीसुद्धा सोडली नव्हती. काका एवढंच बोलले, "बटण दाबायच्या आधी चारी कोपरं बघ."

दुसऱ्या दिवशी परत गेलो. दोन पावलं डावीकडं सरकलो, खांब बाजूला झाला. हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्याच्या, कडेला गुडघे टेकले, तर मागं नुसतं काळोखं छप्पर उरलं आणि पैलवान दुप्पट मोठा दिसू लागला. मग आणखी जवळ गेलो. फ्रेममध्ये फक्त मूठ आणि बोटांतून सांडणारी माती. तो फोटो आजही माझ्या भिंतीवर आहे. म्हणून सांगतो, सुरुवातीला झूम करण्यापेक्षा पाय हलवा.

पंचगंगेच्या घाटावर पायऱ्यांच्या रेघा आयत्याच मिळतात. फक्त त्यांच्या टोकाला काहीतरी हवं, कपडे धुणारी बाई किंवा एखादं देऊळ, नाहीतर नजर फोटोबाहेर निघून जाते.

ग्रीडचा हात पक्का बसला की खिद्रापूरला जा. तिथल्या कोपेश्वराच्या देवळात स्वर्गमंडप आहे, त्याला 48 खांब आहेत आणि छताला मधोमध गोल मोकळं आभाळ. तिथं तृतीयांश विसरायचा. बरोबर खाली उभं राहून कॅमेरा सरळ वर धरायचा. अर्धं पाऊल चुकलं तरी वर्तुळ एका बाजूला कलतं. मला नेमकी जागा सापडायला पाऊण तास लागला.