बेळगाव-खानापूर भागातला वणवा उपग्रहाच्या नकाशावर कसा वाचावा

फेब्रुवारीपासून वळीव पडेपर्यंत जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, तिलारीकडचे सडे आणि उतार ठणठणीत वाळलेले असतात. त्याच दिवसांत निपाणी, चिकोडी, अथणीकडे तोड झालेल्या उसाचं पाचट पेटवलं जातं. उपग्रहांनी टिपलेल्या आगी दाखवणाऱ्या नासाच्या ‘फर्म्स’ नकाशावर या दोन्ही आगींचा ठिपका सारखाच लाल दिसतो. तेव्हा ‘भीमगडात वणवा लागलाय’ असा मेसेज गावच्या ग्रुपवर टाकण्याआधी त्या ठिपक्याची वेळ, खात्री आणि ताकद या तीन गोष्टी पाहा.

नकाशा उघडून चौकट आखून घ्या: पश्चिम ७४.०, पूर्व ७५.५, दक्षिण १५.३, उत्तर १७.०. यात बेळगाव जिल्हा आणि चंदगडचा पट्टा येतो. थर निवडताना उष्णता टिपणाऱ्या व्हिअर्स यंत्राचे तिन्ही उपग्रह चालू ठेवा: सुओमी एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१. मोडिस या जुन्या यंत्राचा थर रोजच्या पाहणीला फारसा कामाचा नाही. त्याचा चौकोन (पिक्सेल, म्हणजे प्रतिमेचा सर्वात लहान तुकडा) १ किलोमीटरचा, आणि ते यंत्र वाहणारे टेरा व अ‍ॅक्वा हे उपग्रह आता आपल्या ठरल्या वेळेवरून सरकले आहेत. मात्र २०००च्या शेवटापासूनच्या नोंदी त्याच्याकडेच आहेत, त्यामुळे जुना हिशेब काढायचा तर मोडिसला पर्याय नाही.

यंत्र ज्वाळेचा फोटो काढत नाही. साध्या तापलेल्या जमिनीची उष्णता सर्वात जास्त १० मायक्रॉनच्या आसपासच्या तरंगलांबीत बाहेर पडते. पेटलेल्या गवताची ४ मायक्रॉनच्या आसपास. ४ मायक्रॉनच्या पट्ट्यात एखादा चौकोन शेजाऱ्यांपेक्षा आणि ११ मायक्रॉनच्या पट्ट्यापेक्षा फार तापलेला दिसला, की तिथे ठिपका पडतो. म्हणूनच चौकोनाचा अगदी लहानसा भाग जळत असला तरी आग पकडली जाते. अडचण जागेची आहे. व्हिअर्सचा चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे साधारण ३५ एकरांचा, आणि ठिपका त्याच्या मधोमध ठेवलेला असतो. आग त्या ३५ एकरांत कुठेही असू शकते. उपग्रहाच्या वाटेच्या कडेला चौकोन आणखी पसरतो, दुपटीच्या आसपास. त्यामुळे ठिपका रानाच्या हद्दीपासून दोनशे मीटर आत दिसला, एवढ्यावर रान पेटलंय असं म्हणू नका. बाहेरचं शेतही असेल.

सर्वात जास्त घोटाळा वेळेत होतो. फाइल उतरवून एक्सेलमध्ये उघडली की वेळेच्या रकान्यात ‘८१२’ असा आकडा दिसतो. पुढचं शून्य गळलेलं असतं. ही वेळ यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची आहे: ८ वाजून १२ मिनिटं. त्यात साडेपाच तास मिळवा, आपली वेळ दुपारी १:४२. रात्रीच्या फेरीत तारीखही बदलते. १४ मार्चला ‘२०१०’ लिहिलंय म्हणजे आपल्याकडे १५ मार्चची पहाट, १:४० वाजता. तारीख न बदलता आदल्या रात्रीच्या गस्तीला जाब विचारला, तर तो अन्याय होतो.

तिन्ही उपग्रह साधारण दुपारी साडेबारा ते अडीच आणि रात्री त्याच घड्याळी वेळेत जातात. आपल्याकडची बरीच पेटवापेटवी मात्र ऊन उतरल्यावर चार-पाच वाजता सुरू होते. पाचटाची आग तासाभरात विझते, ती कोणत्याच उपग्रहाला सापडत नाही. सड्यावरचं गवत रात्रभर धुमसत राहिलं तरच रात्रीच्या फेरीत दिसतं. म्हणून ठिपक्यांच्या संख्येवरून ‘या तालुक्यात पाचट जाळणं कमी झालं’ असा निष्कर्ष काढू नका. इन्सॅट-३डीआर आणि ३डीएस हे भारताचे हवामान उपग्रह दिवसभर नजर ठेवून असतात, पण उष्णतेचा त्यांचा चौकोन ४ किलोमीटरचा; छोटी आग त्यात हरवते.

खात्रीच्या रकान्यात तीन दर्जे आहेत. ‘लो’ हा बहुतेक दुपारचा, सूर्याची चमक किंवा आजूबाजूपेक्षा थोडीच जास्त उष्णता असलेला. एकटाच ‘लो’ ठिपका सोडून द्या. ‘नॉमिनल’ म्हणजे चमक नाही आणि फरक १५ अंशांहून जास्त, हा भरवशाचा. ‘हाय’ म्हणजे यंत्राचा पट्टाच भरून गेला. त्या ठिकाणी तापमान ३६७ केल्विन दिसतं, ती यंत्राची कमाल मर्यादा आहे, आगीचं तापमान नव्हे. ठिपका एकाच जागी पावसाळ्यातही येत असेल तर तो भट्टीचा किंवा कारखान्याचा. जानेवारी-फेब्रुवारीत रस्त्यालगत सरळ ओळीत आलेले ठिपके वनखात्याने मुद्दाम जाळलेल्या जाळरेषेचे असू शकतात. आधी विचारून घ्या.

ताकदीचा आकडा एफआरपी, म्हणजे आग किरणांवाटे किती जोराने उष्णता सोडते ते, मेगावॅटमध्ये. आगीतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेवरून धुराचा अंदाज बांधण्याचा हा मार्ग नासाच्या गोडार्ड केंद्रातले योराम कॉफमन यांनी नव्वदच्या दशकात दाखवला. पुढे २००५ मध्ये मार्टिन वूस्टर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगातून प्रमाण काढलं: किरणांवाटे बाहेर पडलेल्या १ मेगाज्यूल उष्णतेमागे सुमारे ०.३६८ किलो सुकं इंधन जळतं. हे घरच्या घरी वापरता येतं. एका एकरातलं साडेतीन टन पाचट वीस मिनिटांत जळालं असं धरा. ३५०० भागिले ०.३६८, म्हणजे साडेनऊ हजार मेगाज्यूल. भागिले १२०० सेकंद, म्हणजे जवळपास ८ मेगावॅट. एवढी आग फेरीच्या वेळी पेटलेली असली, तर व्हिअर्सला दिसायला हरकत नाही. उलट दाट झाडीखालचा पालापाचोळा सावकाश जळतो, वरची पानं उष्णता अडवतात, आणि आकडा खोटा कमी येतो. भीमगडच्या ओल्या रानात हे विशेष लक्षात ठेवा. तिथला बारीक ठिपका मोठ्या आगीचा असू शकतो.

खरा पुरावा जळलेल्या डागाचा. युरोपच्या कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर सेंटिनेल-२ उपग्रहाची एल२ए (हवेचा परिणाम वजा केलेली) प्रतिमा घ्या, पट्टे १२, ८ए, ४ असे लावा. ताजा डाग काळपट तांबडा दिसतो. इथला चौकोन २० मीटरचा, म्हणजे चार गुंठ्यांचा, त्यामुळे हद्द ओळखता येते. मोजायचं तर एनबीआर हा जळाल्याचा निर्देशांक काढा: (८ए वजा १२) भागिले (८ए अधिक १२). आगीआधीच्या आकड्यातून नंतरचा वजा करा. ०.१ पर्यंत फरक असेल तर शंका ठेवा, ०.२७ च्या वर असेल तर डाग बहुधा खरा. इथे एक फसवणूक होते. सागवान आणि इतर पानझडी रान फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतं, आणि तेवढ्यानेही फरक वाढतो. आधीची प्रतिमा डिसेंबरची घेऊ नका. आगीआधीच्या दहा दिवसांतलीच घ्या. नंतरचीही लवकर घ्या, कारण सड्यावरची राख वाऱ्याने उडून जाते आणि खालचा जांभा उघडा पडला की डाग पुसट होतो.

धुरासाठी नासाच्या वर्ल्डव्ह्यू संकेतस्थळावर एओडीचा, म्हणजे हवेतले कण प्रकाश किती अडवतात त्याचा, थर लावा. आकडा १ असेल, तर सूर्य डोक्यावर असताना त्या तरंगलांबीचा थेट प्रकाश ३७ टक्केच जमिनीवर पोचतो. पण एओडी जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेचा असतो. सकाळी खोऱ्यात साचलेला, खोकला आणणारा धूर दुपारच्या फेरीपर्यंत वर उठून पांगतो. तेव्हा एओडी कमी म्हणून सकाळची हवा स्वच्छ होती असं नाही. दाट धुराला प्रक्रिया ढग समजते आणि तिथे रिकामी जागा ठेवते. नेमक्या आगीवरच आकडा नसेल तर खरी प्रतिमा पाहा. मार्च ते मेमध्ये अरबस्तानाकडची धूळही समुद्रावरून येते. कणांच्या आकाराचा अंदाज देणारा अँगस्ट्रॉम घातांक १.५ च्या वर असेल तर बारीक कण, म्हणजे धुराकडे कल, ०.५ च्या खाली असेल तर धूळ.

आग चालू असल्याची शंका आली तर डागाची वाट पाहत बसू नका. बीट गार्डला अक्षांश-रेखांश, आपल्या वेळेतली तारीख आणि वेळ, खात्रीचा दर्जा, एफआरपी आणि शेजारी आणखी किती ठिपके आहेत, एवढं एका संदेशात पाठवा. सोबत ‘जागा चारशे मीटर इकडेतिकडे असू शकते’ हेही लिहा. फर्म्सवर नोंद व्हायला तीन तासांपर्यंत वेळ जातो, म्हणून भारतीय वन सर्वेक्षणाच्या ‘वन अग्नी’ पोर्टलवर आपल्या भागासाठी मोबाइल नंबर नोंदवून ठेवा. नोंदणी फेब्रुवारी लागण्याआधीच करा.