माइनक्राफ्टमध्ये चार बिटांचा ॲडर: एक्सऑर पक्का झाला की बाकीचं सोपं

मे महिन्याच्या सुट्टीत मी दादरला शाळकरी मुलांना रेडस्टोन, म्हणजे माइनक्राफ्ट खेळातली विजेची सर्किटं, शिकवतो. त्यातलंच एक ॲडर, म्हणजे दोन आकड्यांची बेरीज करणारं सर्किट. दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते: "व्हिडिओत चालतं, माझ्याकडे चालत नाही." ॲडर गेटांचा बनतो; गेट म्हणजे इनपुट पाहून 0 किंवा 1 असं उत्तर देणारं छोटं सर्किट. बहुतेक वेळा गडबड एक्सऑर गेटमध्ये असते, आणि नेमकं तेच व्हिडिओवाले दोन सेकंदांत उरकतात.

क्रिएटिव्ह मोडमध्ये (जिथे सगळं सामान फुकट मिळतं) सपाट जग घ्या. दोन आकड्यांसाठी चार-चार लिव्हर लावा आणि उत्तरासाठी पाच लॅम्प. एक लिव्हर म्हणजे एक बिट: चालू असेल तर 1, बंद असेल तर 0.

नॉट, म्हणजे उलट उत्तर देणारा गेट, हा ब्लॉकच्या बाजूला लावलेला रेडस्टोन टॉर्च: ब्लॉकला वीज मिळाली की टॉर्च विझतो. अँडसाठी (दोन्ही इनपुट चालू असतील तरच 1) तीन ब्लॉक ओळीत ठेवा. कडेच्या दोघांच्या डोक्यावर टॉर्च, मधल्याच्या डोक्यावर रेडस्टोन डस्ट (हीच खेळातली तार) आणि मधल्याच्या पुढच्या बाजूला तिसरा टॉर्च. लिव्हरच्या तारा कडेच्या ब्लॉकना मागून द्या. ऑरसाठी (एक तरी इनपुट चालू असेल तर 1) दोन तारा एकत्र आणा, पण प्रत्येकीवर आधी रिपीटर (वीज एकाच दिशेला पुढे नेणारा तुकडा) टाका, नाहीतर वीज उलटी मागे जाते.

आता एक्सऑर. चाळीच्या जिन्यातला दिवा आठवा: खाली एक बटण, वर एक, कुठलंही दाबलं तरी दिवा पालटतो. आपल्यालाही तेच हवंय. एकच लिव्हर चालू असेल तर उत्तर 1, दोन्ही चालू किंवा दोन्ही बंद असतील तर 0.

दोन कंपॅरेटर (मागून आणि बाजूने आलेल्या विजेची तुलना किंवा वजाबाकी करणारे तुकडे) एकाच दिशेला तोंड करून ठेवा, मध्ये पाच ब्लॉक मोकळे. प्रत्येकावर एकदा राइट-क्लिक करा, मोबाइलवर टॅप. पुढचा छोटा टॉर्च पेटला पाहिजे. तो पेटला की कंपॅरेटर वजाबाकी करतो. विझलेला राहिला तर दोन्ही लिव्हर चालू असतानाही लॅम्प लागतो, म्हणजे तुम्ही एक्सऑरऐवजी ऑर बांधलात. दोन लिव्हरच्या तारांना अ आणि ब म्हणू. पहिल्या कंपॅरेटरला मागून अ आणि आतल्या बाजूने ब द्या. दुसऱ्याला मागून ब आणि आतल्या बाजूने अ. दोघांची पुढची टोकं जोडली की उत्तर मिळतं.

इथेच सगळे अडकतात, आणि माझाही सर्वांत जास्त वेळ इथेच गेला. आपण 0 आणि 1 चा विचार करत असतो, पण खेळातल्या तारेत 0 ते 15 अशी ताकद असते आणि डस्टच्या प्रत्येक ब्लॉकमागे ती एकाने घटते. समजा अ मागून 12 घेऊन आला आणि ब बाजूने 9 घेऊन आला. वजाबाकी 3. उत्तर 0 यायला हवं होतं, पण तारेत 3 शिल्लक राहिले. त्यातही वाईट म्हणजे लॅम्प चार-पाच ब्लॉक लांब असेल तर तो विझलेलाच दिसतो, गेट बरोबर वाटतो, आणि पुढे सर्किट जोडल्यावर बेरीज चुकते. मग मुलं कॅरीमध्ये, म्हणजे हातच्यात, चूक शोधत बसतात.

उपाय एकच, आणि त्यात काटकसर करू नका: चारही इनपुटना, कंपॅरेटरला अगदी चिकटून, एकेक रिपीटर. रिपीटर ताकद पुन्हा 15 करतो, आणि 15 मधून 15 गेले की काही उरत नाही. चारही रिपीटर पहिल्याच खाचेवर, म्हणजे सर्वांत कमी उशिरावर, ठेवा. "दोन रिपीटर पुरतात" हा सल्ला मला मान्य नाही. दोघांनी ताकद जुळेल कदाचित, पण एक इनपुट उशिरा पोचतं आणि लॅम्प उगाच लुकलुकतो.

दुसरी अडचण तारा ओलांडण्याची. अ आणि ब कुठेतरी एकमेकांना छेदणारच. जमिनीवरच्या डस्टच्या अगदी वर एक ब्लॉक ठेवून त्यावरून दुसरी तार न्या, दोन्ही बाजूंना एकेक पायरी. तो ब्लॉक दगडाचा हवा. काचेचा ठेवलात तर खालची तार पायरीवरच्या तारेला चिकटते आणि अ-ब एक होतात.

गेट झाला की दोन लिव्हरच्या चारही जोड्या (00, 01, 10, 11) तपासा: लॅम्प उत्तराच्या तारेच्या पहिल्याच ब्लॉकला चिकटवून.

दोन एक्सऑर, दोन अँड आणि एक ऑर मिळून एक फुल ॲडर, म्हणजे एका बिटाची बेरीज करणारा भाग, होतो. पहिला एक्सऑर अ आणि ब चा. त्याचं उत्तर आणि मागून आलेला कॅरी दुसऱ्या एक्सऑरला, तिथून बेरीज निघते. याच दोन जोड्या दोन अँडनाही द्या आणि त्यांची उत्तरं ऑर करा, तो पुढचा कॅरी. अ, ब आणि कॅरी यांच्या आठही शक्यता तपासल्याशिवाय दुसरा बांधू नका. मग तसेच एकूण चार ओळीत, प्रत्येकाचा कॅरी पुढच्याला आणि शेवटच्याचा पाचव्या लॅम्पला. कॉलेजच्या लॅबमध्ये हाच ॲडर 7486 (एक्सऑर), 7408 (अँड) आणि 7432 (ऑर) या चिपांनी जोडतात, आणि त्या मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात. ज्यांना हे आवडलं त्यांनी ब्रेडबोर्डवर (झाळकाम न करता तारा खोचायची पाटी) जरूर करून पाहावं.

शेवटची चाचणी 15 अधिक 1. चारही ॲडरमधून कॅरी सरकत जातो, म्हणून लिव्हर ओढल्यावर लॅम्प थोडा वेळ भलतंच काही दाखवतील. हात लावू नका. स्थिरावल्यावर फक्त पाचवा लॅम्प पेटलेला असला पाहिजे.