ड्रम कोरचा शेवटचा उन्हाळा: एज-आउट होणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी काय तयारी ठेवावी

ड्रम कोर म्हणजे पितळी वाद्यं आणि ड्रम वाजवत मैदानावर आकृत्या करणारं तरुणांचं स्पर्धक पथक. त्यात तुम्ही कितीही चांगलं वाजवत असलात तरी एक दिवस वय आडवं येतं. अमेरिकेत या स्पर्धा घेणाऱ्या ड्रम कोर्स इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआयचा मुख्य गटांसाठीचा नियम सरळ आहे: तुमचा बाविसावा वाढदिवस त्या वर्षीच्या 1 जूनच्या आधी येत असेल तर त्या हंगामात मैदानावर उतरता येत नाही. याला एज-आउट होणं म्हणतात. एकाच वर्षी जन्मलेल्या दोघांपैकी 20 मेच्या मुलीला 20 जूनच्या मुलीपेक्षा एक उन्हाळा कमी मिळतो. पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांत केस पिकलेले वादकही दिसतात, त्यामुळे मराठी पालकांना हे ऐकून चमत्कारिक वाटतं. पण सगळ्या हंगामाची घडी या एका तारखेवर बसलेली असते.

म्हणून पहिलं काम म्हणजे आपला शेवटचा हंगाम कोणता हे जन्मतारखेवरून आजच काढणं. ऑडिशन्स आदल्या नोव्हेंबर-डिसेंबरात होतात, हिवाळ्यात महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारी कॅम्प असतो, मेच्या मध्यापासून रोज दहा-बारा तासांचा सराव आणि जूनच्या अखेरीपासून दौरा. शेवट ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, इंडियानापोलिसच्या ल्यूकस ऑइल स्टेडियममध्ये; 2009पासून अंतिम फेऱ्या तिथेच होत आल्या आहेत. विसाव्या वर्षी जागं झालेल्याच्या हातात जेमतेम एक-दोन हंगाम उरतात. मोठ्या कोरचं शुल्क पाच हजार डॉलरच्या घरात किंवा त्याहून वर जातं, त्यामुळे पैशांची जुळवाजुळवही वर्षभर आधी लागते.

शेवटच्या वर्षी वरच्या क्रमांकाच्या कोरमध्ये उडी मारावी का, हा प्रश्न हमखास येतो. नुसत्या पदकासाठी मारू नये, असं आमचं मत आहे. वादन कदाचित सुधारेल, पण निरोप देणारी माणसं तुम्हाला जेमतेम सहा-आठ महिने ओळखत असतील आणि त्या रात्री ते जाणवतं. मात्र कोरची आर्थिक प्रकृती जरूर पाहावी. 1934 साली स्थापन झालेली द कॅडेट्ससारखी नावाजलेली कोर 2024च्या वसंतात, हंगामाच्या तोंडावर बंद पडली. शुल्काचे हप्ते भरण्याआधी परताव्याची अट लेखी मागून घ्या. 2020चा हंगाम तर कोव्हिडमुळे सगळ्यांचाच गेला. त्या वर्षी एज-आउट होणाऱ्यांनी मे महिन्यात ज्या शोची तयारी करायची होती, तो शो झालाच नाही.

आता मुख्य गोष्ट: शेवटचा शो शनिवारी असतो हा गैरसमज. अंतिम आठवड्यात गुरुवारी प्रिलिम्स, शुक्रवारी सेमिफायनल्स, शनिवारी फायनल्स. गुरुवारच्या निकालातून पहिल्या पंचवीस कोर पुढे जातात, शुक्रवारच्या निकालातून पहिल्या बारा. म्हणजे तेराव्या क्रमांकाच्या कोरमधल्या मुलाचा शेवटचा शो शुक्रवारीच होऊन जातो, आणि तो शेवटचा होता हे त्याला रात्री निकाल लागल्यावर कळतं. बाराव्या-तेराव्या किंवा पंचविसाव्या-सव्विसाव्या जागेच्या काठावर असाल तर त्या काठावरचा प्रत्येक शो शेवटचाच धरून चाला. घरच्यांनी फक्त शनिवारचं तिकीट काढून ठेवणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. काठावरच्या कोरसाठी गुरुवार आणि शुक्रवारचंही तिकीट काढा. जागा वरच्या बाजूला घ्या. खालून मैदानावरच्या आकृत्या दिसत नाहीत, नुसत्या टोप्या आणि पाय दिसतात.

रडण्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण या विषयाचा तांत्रिक भाग हाच आहे. शोच्या आधी रडलात तर वादन बिघडतं. पितळी वाद्यांत स्वर ओठांच्या कंपनातून आणि पोटातल्या श्वासातून येतो. रडल्यावर गळा आवळतो, नाक बंद होतं, श्वास छातीत वरवर राहतो. ट्रंपेट आणि मेलोफोनचे वरचे स्वर आधी फुटतात. ट्यूबावाल्यांचा लांब स्वर मध्येच संपतो. स्नेअर ड्रमवाल्याची पकड नकळत घट्ट होते, मनगट आखडतं, रोल्स असमान होतात आणि लय पुढे पळते. गार्डमध्ये, म्हणजे झेंडे आणि लाकडी रायफली फिरवणाऱ्यांत, अंगात जास्तीचा जोर असल्यामुळे रायफल नेहमीपेक्षा उंच जाते, एखादा वेढा जास्त घेते आणि हातात येताना मूठ चुकते. पाणावलेल्या डोळ्यांनी ती झेलणं हा तर जुगारच. म्हणून निरोपाचं वर्तुळ, म्हणजे सगळ्यांनी गोल करून एज-आउट होणाऱ्यांचं बोलणं ऐकणं, शोच्या तोंडावर ठेवू नये. आईबाबांनीही वॉर्म-अप चाललेला असताना, म्हणजे ज्याला सगळे ‘लॉट’ म्हणतात तिथे, जाऊन मिठी मारू नये. लांबून हात हलवा. भेट शोनंतर, आणि भेटायची जागा आधी ठरवलेली असावी. हजारो लोकांत फोन लागत नाही.

स्टेडियमचाही एक डाव असतो. सगळा उन्हाळा उघड्या मैदानावर वाजवलेली मुलं शेवटच्या आठवड्यात छताखाली येतात. आवाज मागच्या भिंतीवर आपटून उशिरा परत येतो. जो त्या आवाजावर वाजवतो तो मागे पडतो, आणि भावनेच्या भरात माणूस कानांवरच जास्त विसंबतो. ड्रम मेजरचे, म्हणजे समोर उभं राहून ताल देणाऱ्याचे, हात आणि पायांची लय धरायची. पहिल्या मोठ्या स्वराला जोर नेहमीपेक्षा थोडा कमीच द्या, कारण शरीर आपोआप जास्त देणार आहे. फुंक वाढली की स्वर चढतो.

शेवटचा स्वर सुटल्यावर लगेच कोसळू नका. शेवटची स्थिती धरून उभं राहायचं, आज्ञा आल्यावरच हलायचं. मैदान रिकामं करायला वेळ मर्यादित असतो आणि उशिराचे गुण कापले जातात. वाद्य खाली टाकून मिठ्या मारल्या तर पोचे पडतात. वाद्य कोरच्या मालकीचं असतं. सगळ्यांत वाईट अवस्था पिटवाल्यांची, म्हणजे मैदानाच्या पुढच्या कडेला उभं राहून मोठी वाद्यं वाजवणाऱ्यांची. मरिंबा, व्हायब्राफोन, सिंथेसायझरच्या चाकांच्या गाड्या ढकलत त्यांना ताबडतोब बोगद्यातून बाहेर पडावं लागतं. चाक तारेत अडकतं, मॅलेट खाली पडतात, आणि डोळे पुसायला हात मोकळा नसतो. पिटमधल्या एज-आउट मुलांच्या गाड्या त्या दिवशी ढकलण्यासाठी कोणी स्वयंसेवक मिळतो का, हे आधी विचारून ठेवा.

निरोपाच्या वर्तुळाचं गणित मांडा. पूर्ण कोर दीडशेच्या वर असते आणि त्यात एज-आउट होणारे चाळीस निघाले, प्रत्येकाने दोन मिनिटं घेतली तरी ऐंशी मिनिटं. पाच मिनिटं घेतली तर तीन तास वीस मिनिटं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सराव. म्हणून आधी आपापल्या सेक्शनची छोटी बैठक घ्यावी, ती आठवड्याच्या सुरुवातीला, प्रिलिम्सच्या बऱ्यापैकी आधी. सगळ्या कोरसमोर फक्त एक-दोन मिनिटांचं बोलणं. काय बोलायचं ते लिहून आणा. कागदाशिवाय उभं राहिलेला माणूस आभारांची यादी सुरू करतो, त्यात एक नाव राहतं आणि ते नाव वर्षभर डोक्यात घोळतं. कोणाचे आभार मानायचे, तर ज्याच्याशी तुमचं पटलं नाही पण ज्याने तुमची चूक सुधारली, त्याचे मानून पाहा. स्वयंपाकाच्या ट्रकवर रोज चार वेळचं जेवण देणारे, बस चालवणारे आणि पोशाख शिवून देणारे यांना त्या रात्री बरेचदा कोणी विचारत नाही. त्यांच्यासाठी वेगळी चिठ्ठी द्या.

वारसा देण्याची पद्धत कोरनुसार बदलते. कोणी डॉट बुक, म्हणजे मैदानावरच्या आपल्या जागा लिहिलेली वही, पुढच्या वर्षीच्या मुलाला देतो, कोणी काठ्यांची जोडी. ती वही द्यायची तर आधी पानांचे फोटो काढून ठेवा. दौऱ्यात ती घामाने भिजून अर्धी वाचण्यापलीकडे गेलेली असते.

रविवारी सकाळी पोशाख मोजून परत करायचा, वाद्य पुसून पेटीत, ट्रक भरायचा. काही कोर इंडियानापोलिसहूनच मुलांना मोकळं करतात, काही घरच्या गावापर्यंत बस नेतात. परतीचं विमान रविवारी दुपारच्या आधीचं घेऊ नका. निरोपाची रात्र पहाटेपर्यंत चालते आणि झोप न झालेला, औषधाची पिशवी बसमध्ये विसरलेला मुलगा विमानतळावर सापडतो.

आणि मग खरा त्रास सुरू होतो, तो घरी. अनेक अमेरिकी विद्यापीठं ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होतात, म्हणजे हातात जेमतेम आठवडा असतो. शरीराला रोज दहा-बारा तासांची सवय लागलेली असते. ती एकदम तुटली की भूक तशीच राहते, हालचाल थांबते, झोप उलटीपालटी होते, आणि कारण नसताना रडू येतं किंवा कशातच रस वाटत नाही. हे सर्रास होतं. दोन आठवडे रोज तासभर चाला, जेवणाच्या वेळा तशाच ठेवून ताटातलं प्रमाण हळूहळू कमी करा. सेक्शनच्या दोघांशी आठवड्यातून एकदा फोन ठरवून टाका. सगळ्यांच्या मोठ्या ग्रुपवर पहिले दोन-तीन दिवस शेकडो संदेश येतात, मग शुकशुकाट. महिन्यानंतरही उठणं-जेवणं जड जात असेल तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जा, तिथे जायला कमीपणा वाटून घेऊ नका. सगळा उन्हाळा बॅटरीजवळ, म्हणजे चालत वाजवणाऱ्या ड्रमवाल्यांजवळ, उभ्या राहिलेल्यांनी कानांची तपासणीही करून घ्यावी, विशेषतः शांत खोलीत बारीक शिट्टी ऐकू येत असेल तर.

पुढे काय? 2024पासून डीसीआयने ऑल-एज गट सुरू केला आहे, त्यात वयाची वरची मर्यादा नाही. सराव शनिवार-रविवारचा असल्यामुळे नोकरी सांभाळून जमतं. दुसरा मार्ग शिकवण्याचा: हायस्कूल बँडना जुलै-ऑगस्टच्या बँड कॅम्पसाठी टेक, म्हणजे सहायक प्रशिक्षक लागतात. एज-आउट होणाऱ्यांनी अर्ज दौऱ्याच्या आधी, मार्च-एप्रिलमध्येच पाठवायचा आणि फायनल्सच्या आठवड्यानंतर रुजू होईन असं त्यात स्पष्ट लिहायचं, कारण ऑगस्टच्या मध्यावर विचारलं तर जागा भरलेल्या असतात.