राऊटरवर १९६, लॅपटॉपवर ९४: नेटचा स्पीड मोजताना या चुका टाळा

आमच्या शेजारच्या काकांनी २०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन घेतला आणि पहिल्याच आठवड्यात त्यांचं नेटवाल्याशी वाजलं. तो पोरगा यायचा, राऊटरच्या ॲपमध्ये टेस्ट लावायचा आणि १९६ दाखवून जायचा. काका लॅपटॉपवर टेस्ट करायचे तर ९४. दोघंही खरं बोलत होते आणि दोघांनाही समोरचा खोटा वाटत होता. पंधरा दिवस काका रोज कस्टमर केअरला फोन लावत होते, मला खरंच वाईट वाटलं, कारण शेवटी लॅपटॉपला लावलेली लॅन केबल बदलली आणि १९० आलं.

म्हणून सगळ्यात आधी हे समजून घ्या की राऊटरवरची टेस्ट आणि कॉम्प्युटरवरची टेस्ट एकच गोष्ट मोजत नाहीत. राऊटर मोजतो कंपनीपासून तुमच्या राऊटरपर्यंतची लाइन, बस. कॉम्प्युटर मोजतो ती लाइन, अधिक राऊटर, अधिक केबल किंवा वायफाय, अधिक तुमचा कॉम्प्युटर स्वतः. दोन आकड्यांत फरक आला तर कोणाला तरी खोटं ठरवायला जाऊ नका, तो फरकच तुम्हाला सांगतो की घोळ कुठे आहे.

९० ते ९५ च्या आसपास आकडा अडकला आणि सकाळ, दुपार, रात्र कधीही केलं तरी तेवढाच येतोय, तर लाइनवर संशय घेऊच नका, आधी केबल आणि पोर्ट बघा. कुठेतरी १०० एमबीपीएसची जोडणी बसलेली असते. वायरवरून १५३८ बाइट जातात तेव्हा त्यात कामाचा डेटा साधारण १४६० बाइट असतो, बाकी सगळं पॅकेटच्या पत्त्यात वगैरे जातं, म्हणून १०० च्या जोडणीवर ९४-९५ च्या वर काही केल्या जात नाही. आता ही १०० ची जोडणी कशी होते तर लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, गिगाबिटला (म्हणजे १००० एमबीपीएसच्या जोडणीला) आठही लागतात, पण १०० ला चारच पुरतात. आपल्याकडे केबल टाकणारे कित्येकदा चारच तारा क्रिंप करतात (पिनमध्ये दाबून बसवतात), किंवा आठ केलेल्या असतात पण दाराच्या फटीत दबून एखादी तुटलेली असते, आणि मग नेट बंद पडत नाही, फक्त गुपचूप १०० वर येतं. दुसरं म्हणजे स्वस्तातल्या बऱ्याच ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन वायफाय देणाऱ्या) राऊटरला लॅन पोर्टच १०० चे असतात, बॉक्सवर मात्र १२०० लिहिलेलं असतं. ते १२०० वायफायच्या दोन्ही बँडची कागदावरची बेरीज आहे, पोर्टचा त्याच्याशी संबंध नाही.

हे तपासायला टेस्टसुद्धा लागत नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट असं जाऊन लिंक स्पीड बघा. १०००/१००० असेल तर ठीक, १००/१०० असेल तर केबल बदलून बघा, तरी तेच आलं तर पोर्ट. आणि फायबरच्या डब्यातून राऊटरच्या वॅन पोर्टला (जिथून नेट राऊटरमध्ये शिरतं त्या पोर्टला) येणारी छोटी केबल विसरू नका, ती खराब असेल तर राऊटरवरची टेस्टसुद्धा ९४ च दाखवेल आणि सगळे मिळून लाइनला शिव्या घालतील.

नवीन पातळ लॅपटॉपला लॅन पोर्टच नसतो, मग यूएसबीचा ॲडॉप्टर घेतात. त्यातले स्वस्त बरेचसे १०० चेच असतात. गिगाबिटचा घेतला पण यूएसबी २ च्या पोर्टात लावला तरी तोच प्रकार, तिथे कागदावर ४८० असलं तरी हातात ३०० च्या आसपासच येतं.

उलटा प्रकारही होतो आणि तो लोकांना पटत नाही. राऊटर कमी दाखवतो, कॉम्प्युटर जास्त! ५०० चा प्लॅन, राऊटरच्या ॲपमध्ये २५०, आणि केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर ४७०. कारण असं की तुमचा रोजचा डेटा राऊटरमधून नुसता पुढे जातो आणि त्या कामाला राऊटरमध्ये बहुतेक वेळा वेगळं हार्डवेअर असतं, पण टेस्ट राऊटरनेच चालवली की सगळा डेटा त्याच्या छोट्याशा प्रोसेसरला स्वतः गिळावा लागतो आणि तो धापा टाकतो. राऊटरमध्ये ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) टाकून राऊटरवरच पायथॉन भाषेत लिहिलेली स्पीड टेस्ट चालवणारे इथे हमखास फसतात. अशा वेळी केबलवरचा आकडा खरा माना. जास्त आकडा आला म्हणजे तेवढा डेटा लाइनवरून खरोखर आला, तो हवेतून तर येत नाही.

वायफायवर टेस्ट करून कंपनीशी भांडायला जाणं ही बहुतेक सगळ्यात जास्त होणारी चूक. २.४ गिगाहर्ट्झवर तुमच्या मजल्यावरचे, वरचे, खालचे सगळे राऊटर बसलेले असतात आणि एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. तिथे ३०-४० एमबीपीएस आलं तर ते सोसायटीचं गणित आहे, प्लॅनचं नाही. ५ गिगाहर्ट्झ चांगलं पण आरसीसीची एक भिंत मध्ये आली की धाप लागते, दोन आल्या की विसरा. लॅपटॉप ८६६ चं कनेक्शन दाखवतो म्हणून ८६६ येणार नाही, त्याच्या अर्ध्याच्या थोडं वर मिळालं तरी उत्तम समजा.

एमबी आणि एमबीपीएसचा घोळ अजून संपलेला नाही म्हणून सांगतो, डाउनलोड करताना दिसतो तो आकडा मेगाबाइट असतो आणि प्लॅनचा मेगाबिट, म्हणून त्याला ८ ने गुणा. १२.५ दिसलं म्हणजे १०० चा प्लॅन पूर्ण मिळतोय.

सर्व्हरकडे कोणी बघतच नाही. राऊटर आपोआप एक सर्व्हर निवडतो, लॅपटॉप दुसरा, आणि मग आपण दोन वेगळ्या रस्त्यांची तुलना करत बसतो. जिथे निवडता येतं तिथे दोन्हीकडे तोच सर्व्हर घ्या. फास्ट डॉट कॉम ही स्पीड टेस्टची साइट नेटफ्लिक्सची आहे, ती त्यांच्याच सर्व्हरवरून मोजते, त्यामुळे तिचा आकडा ऊकलाच्या स्पीडटेस्टशी जुळेलच असं नाही. शिवाय ऊकला एका वेळी अनेक कनेक्शन उघडून मोजते, एकच फाइल एकाच कनेक्शनवर उतरवली तर तेवढं मिळत नाही, यात फसवणूक काही नाही.

टेस्टच्या वेळी व्हीपीएन बंद, टीव्ही बंद, आणि मोबाइलवरचा फोटोंचा बॅकअप नक्की बंद करा. अपलोड तुंबलं की डाउनलोडही पडतं, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

मी करतो ते असं. आधी राऊटरवर टेस्ट, मग केबलने लॅपटॉपवर (लॅपटॉपचं वायफाय बंद करून), मग त्याच लॅपटॉपवर राऊटरच्या शेजारी बसून ५ गिगाहर्ट्झवर. प्रत्येक ठिकाणी तीनदा, सकाळी एकदा आणि रात्री नऊ-दहाला एकदा, कारण गर्दी तेव्हाच असते. केबलवर नीट आणि वायफायवर कमी, तर राऊटरची जागा बदला, टीव्हीच्या मागच्या कपाटातून बाहेर काढा. राऊटरवर नीट आणि केबलवर कमी, तर केबल, पोर्ट, ॲडॉप्टर किंवा लॅपटॉप. सकाळी दोन्हीकडे नीट आणि रात्री दोन्हीकडे पडलेलं, तर ती कंपनीकडची गर्दी. दिवसरात्र दोन्हीकडे कमी आणि केबल बदलूनही तेच, तर आधी महिन्याचा डेटा संपलाय का बघा, बऱ्याच अनलिमिटेड प्लॅनला ३३०० जीबीची मर्यादा असते आणि नंतर स्पीड उतरतो. तसं नसेल तर तक्रार करा, बिनधास्त करा, पण केबलवरच्या टेस्टचे तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट हातात ठेवून करा. डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) मागून घ्या आणि लिहून ठेवा, कारण तक्रार सुटली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तिथे पहिल्यांदा तोच नंबर विचारतात.