लॉकमधून खाली उतरताना सिलकडे लक्ष ठेवा
इंग्लंडच्या कॅनॉलवर नॅरोबोट (अरुंद, लांबट बोट) घेऊन फिरणार असाल तर लॉकमध्ये (दोन्ही टोकांना गेट असलेला, पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारा कप्पा) वर चढण्यापेक्षा खाली उतरताना जास्त जपा. वरच्या गेटच्या आत पाण्याखाली एक पायरी असते, तिला सिल म्हणतात, लॉक भरलेलं असताना ती दिसतच नाही आणि पाणी उतरायला लागलं की बोटीचा मागचा भाग तिच्यावर अडकतो, पुढचा खाली जातो आणि बोट चक्क बुडूही शकते. काठावर पांढरी खूण असते, रडरसकट (सुकाणूसकट) सगळी बोट तिच्या पुढेच ठेवायची. दोर घट्ट बांधून ठेवू नका, बोट लटकेल. अडकलीच तर खालच्या गेटकडचे पॅडल (पाणी सोडायच्या झडपा) लगेच बंद करा आणि वरच्या गेटकडचे हळूहळू उघडा, म्हणून विंडलास (पॅडल फिरवायचा हँडल) हातातच हवा, फोटो काय नंतरही निघतात.